यंत्राला न दिसलेले केस

ती. मामांस,

तुमच्या पूर्ण पिकलेल्या डोक्याला माझ्या अर्ध्या पिकलेल्या डोक्याचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींचा अबोला संपला का? (नसेल तर घाई करू नका, तेवढीच शांतता.) मी कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून बाबा बोलत नाहीत आणि आई नुसते सुस्कारे टाकते, बाकी सगळे खुशाल. मी मात्र खुशाल नाही. केसांच्या एका दवाखान्यात मला प्रवेशबंदी झाली आहे आणि माझा जीव नेमका तिथेच अडकला आहे.

त्याचं असं झालं, उशीवर केस दिसले म्हणून मी तिथे गेलो. डॉक्टरांनी (एक हात खिशात, नजर पडद्यावर) माझ्या टाळूवर छोटा कॅमेरा टेकवला आणि यंत्राने निकाल दिला, निम्मे केस गेले. लगेच सहा महिन्यांचं औषध, पुढे केसरोपण. इकडे डोक्यावर रान माजलेलं आणि हा गृहस्थ मला टकला ठरवतोय. तेवढ्यात त्यांची मदतनीस हळूच म्हणाली, "सर, यांचे निम्मे पांढरे आहेत. फिक्या कातडीवर पांढरा केस यंत्राला दिसत नाही. जरा रंग लावून मोजू का?" डॉक्टर म्हणाले, "यंत्र तुझ्यापेक्षा जास्त शिकलंय." (शिक्षणावरून कुणी बोललेलं मला खपत नाही, हे तुम्ही जाणताच.)

डॉक्टर फोन घ्यायला गेले तशी तिने नखाएवढ्या जागेवर रंग लावला आणि भिंग धरून एकेक केस मोजला. सगळे जागेवर. मामा, माझ्या डोक्यात इतकं लक्ष आजवर कुणी घातलं नव्हतं. डॉक्टर परतले आणि तिचा आकडा ऐकून म्हणाले, "तरी औषध घ्याच." मी विचारलं, त्याने पांढरे काळे होतील का? "नाही." मग माझं डोकं फिरलं. मी कॅमेरा उचलून त्यांच्याच भरघोस, पांढऱ्याशुभ्र केसांवर टेकवला. पडद्यावर आकडा आला, तीन. दारातून बघणारे पेशंट हसले आणि मी बाहेर.

आपला (एकही केस न गमावलेला),
भाचा

ता.क. माझे केस गळतच नव्हते. उशीवरचे आईचे होते. मी त्या मदतनीस मुलीलाच बघायला गेलो होतो.

ता.क. २. बुधवारी सकाळी साडेदहाची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे. पेशंटसोबत एका नातेवाइकाला आत सोडतात. तुमचं अख्खं डोकं पांढरं, तेव्हा तिला हातानेच मोजावं लागेल. तिचा आकडा शंभराच्या आसपास आला की जरा शिंका.