बावीस दात्यांची चकती

इंदूर,
५ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्या अच्युतचा सा. न. वि. वि.

फोनवर गुडघ्याचं विचारलं की तू हवापाण्याच्या गप्पांवर जातेस, म्हणून मुद्दाम पत्र. ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. डॉक्टर रोज चाला म्हणतात आणि तुझा यशवर्धन सांगतो की आई फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. मला फार काळजी वाटते गं.

आता माझी खबर. यंदा भाऊबीजेला मांडवला सायकलनं येतोय! बेटम्यावरून धार, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी तुमचा घाट. दुकानदार म्हणाला, भिया, सामान लादून चढायचं तर पुढची चकती बावीस दात्यांची लगवा लो. मी साफ नाही म्हटलं. चढाला मागची सर्वांत मोठी चकती लावली, तर पॅडल पूर्ण फिरवलं तरी चाक पाऊण फेराही घेणार नाही. पायी चालणारासुद्धा मागे टाकेल मला! माझी बत्तीस दात्यांचीच बरी. पोलोग्राउंडच्या कारखान्यात गिअर कापण्यात जन्म गेला, मला कोण शिकवणार?

यशवर्धनला आशीर्वाद. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अच्युत

मांडव,
१० ऑक्टोबर

चि. अच्युतास अनेक आशीर्वाद.

गिअर कापलेस ते मशीनसाठी, आणि मशीनला दम लागत नाही. शाळेत मी पोरांना शिकवायची की ताकद कमी तर फेरे जास्त. पुढची चकती लहान घेतलीस तर पाय भराभर फिरतील, पण छाती फुटणार नाही. जानापावच्या चढावर रिकामी सायकल ढकलत नेलीस, हे तुझ्या लेकीनं, अस्मितानं, मला कधीच कळवलंय. उगाच मिशांना पीळ देऊ नकोस.

गुडघा आता दुखत नाही रे. भीती वाटते. फाटकापुढचा उतार पाहिला की वाटतं, पडले तर पुन्हा अंथरूण. खोटं कशाला बोलू?

सामान कमी आण. शेव मात्र विसरू नकोस. आहेच माझा जीव तुझ्यावर, निराळं काय लिहू?

तुझी,
सरोजिनीताई

इंदूर,
१६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला उताराची भीती, मला लहान चकतीची लाज. आपण सौदा करू. मी बावीसची बसवतो, तू भाऊबीजेला घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत चालत ये. दिसली नाहीस तर तिथूनच सायकल वळवीन, मग ओवाळ खुशाल यशवर्धनला!

चकती बसवली. रिकामी सायकल बिजासनच्या टेकडीवर मजेत चढली. पण ही बातमी फुटली आणि जो तो ताईसाठी डबा घेऊन हजर. अस्मिताची शेव, शेजारच्या अमितावहिनींचे अनारसे, कुणाच्या गुजिया. इंदुरात डब्याला नाही म्हणणं माझ्या बापालाही जमलं नसतं. आता सायकल स्टँडवर उभी राहीना.

वळणावर तुझी वाट पाहीन. तोवर असाच लोभ ठेव.

अच्युत

मांडव,
३० ऑक्टोबर

चि. अच्युतास अनेक आशीर्वाद.

पाय दुखत असतील तर तेल चोळ. तू होतास तोवर बोलले नाही, आता लिहिते.

त्या सकाळी काठी घेऊन फाटकाशी किती तरी वेळ उभी होते. यशवर्धन हात धरू म्हणाला, त्याला घरात पाठवलं. मधे दोनदा दगडावर टेकले आणि रडलेसुद्धा. मग वळणावर तू दिसलास. लालबुंद तोंड, डब्यांचा खडखडाट, पाय गरगर फिरताहेत आणि सायकल गोगलगाईसारखी येतेय. हसू आवरेना मला. उतर म्हटलं तर तू मान हलवलीस. मग मीही वळून घराकडे चढायला लागले.

तू उतरला नाहीस, मी थांबले नाही. लहानपणी तू कायम पुढे पळायचास आणि मी मागून हाका मारायची. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या चालीनं चाललास, आणि मला उताराचा विसर पडला. फार बरं वाटलं रे.

काल एकटीच वळणापर्यंत जाऊन आले. उद्याही जाईन.

ती चकती काढू नकोस. बत्तीसच्या चकतीनं आलास तर पुन्हा एकटा पुढे जाशील.

डबे परत पाठवते आहे, ते यशवर्धनच्या गाडीनं. तुझ्यावर लोभ आहे, तो या चढासारखाच, हळूहळू वाढता.

तुझी,
सरोजिनीताई