एक स्प्रिंग जास्तीची

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा बंदुका-पिस्तुलांची दुरुस्ती (आता बंद), बुद्धी ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धीचा दाखला डॉक्टर देणार आहेत. ते बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले आहेत.

१. दुकानावरचे राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील ठेव माझ्या पश्चात पत्नीची. बाल्कनीतल्या कुंड्याही तिच्याच, मी पाणी घातले की झाडे मरतात.

२. दुकानाचा गाळा मुलीला. तिने तिथे वाटेल ते करावे, फक्त समोरच्या दुकानदाराला विकू नये, त्याचाही धंदा बंदुकांचाच.

३. अवजारांच्या दोन पेट्या. यांचे अजून ठरत नाही.

४. धाकट्या भावाला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. कारण लिहून ठेवतो, मागाहून कोणी माझ्या नावाने बोटे मोडायला नकोत. वडिलांचे एक खिशात मावणारे पिस्तूल आहे. आम्ही दोघे त्याच्यावरच शिकलो. सगळे सुटे करायचे, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायचे, सत्तावीस भाग मोजायचे, मग जोडायचे. धाकट्याला ओळीचे वावडे. चापाची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी, पंख्याने उडते, म्हणून तो ती ग्रीस लावून कुठेही चिकटवून ठेवी. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने पिस्तूल उघडले आणि स्प्रिंग गायब. तशी बाजारात मिळत नसे. मी म्हणालो, समोरच्याला विकलीस, चोर आहेस. आईच्या देखत म्हणालो. तो म्हणाला, "दादा, आतच चिकटवलीय रे, नीट बघ तरी." मी बघितले नाही. फडक्यावर नव्हती, एवढे मला पुरे होते. तो पिशवी उचलून निघाला आणि समोरच्याच दुकानात कामाला लागला, आजही तिथेच आहे. आणखी पुरावा काय हवा? मी नवी स्प्रिंग वळून बसवली.

५. ते पिस्तूल माझ्यानंतर परवान्यासकट पोलीस ठाण्यात जमा करावे. जमा करायचे तर स्वच्छ असावे, म्हणून आत्ता सुटे केले. मुठीच्या लाकडी पट्ट्याही काढल्या. त्यांना चीर आहे, म्हणून गेल्या तीस वर्षांत कधी काढल्या नव्हत्या. भाग मांडले, मोजले. अठ्ठावीस.

पुन्हा मोजले, उलट्या बाजूनेही मोजले. अठ्ठावीस. जोडून पाहिले तर चाप, घोडा, सगळे व्यवस्थित, आणि तळहातावर एक स्प्रिंग उरलेली! एखादा भाग कमी भरला असता तर पलंगाखाली शोधला असता. जास्तीचा कुठून आला? परत सुटे केले, पत्नीला हाक मारली. तिने एकेकाला बोट लावून मोजले.

"अहो, अठ्ठावीसच आहेत. आणि ही एकटीच ग्रीसने काळी कशी झालीय?"

आता माझी पंचाईत अशी. मोजण्यात चुकत असेन तर माझी बुद्धी ठिकाणावर नाही आणि हे मृत्युपत्र रद्दी. चुकत नसेन तर ही धाकट्याची स्प्रिंग, तीस वर्षे मुठीच्या आत, तो म्हणाला तिथेच. खरे सांगतो, घटकाभर वाटले, वेडा ठरलो तर बरे. डॉक्टर बाहेरून विचारताहेत, "झालं का?" काय झालं तेच मला कळत नाहीये. मी माझ्या भावाला चोर म्हणालो हो.

६. कलम चार खोडायला पेन उचलले, मग वकिलांना फोन करून विचारले, धाकट्याला साक्षीदार करता येईल का. ते म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नका. मग राहू दे कलम चार. मेल्यावर धाकट्याला माझ्याकडून काही मिळणार नाही. अवजारांच्या पेट्या मी उद्या स्वतः रस्ता ओलांडून त्याच्यापुढे ठेवीन, सबब कलम तीन रद्द. स्प्रिंगही दाखवीन. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही ते त्यानेच सांगावे. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. दार लावून घेतले तर काय करायचे, ते मला सुचत नाही.

ठिकाण: समोरच्या दुकानातला बाक
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. प्रकृती ठीक. कालचा चहा त्यांच्या घरी झाला, आजचा इथे.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: भाग मी मोजले. अठ्ठावीस भरले. तेव्हाच सांगितलं होतं, आत चिकटवलीय म्हणून. दादाची बुद्धी आज ठिकाणावर आली आहे. (सही) धाकटा