छपराचा पूल बंद आहे

९ मे २००६

पूल बंद केला! म्हणजे मीच केला. पुलाची इंजिनिअर म्हणून सही माझी, दोन्ही तोंडांना फळ्याही माझ्यासमोरच ठोकल्या.

लीड्सहून तासभर आत गेलं की नदीवर हा छपराचा लाकडी पूल. सव्वाशे वर्षांपूर्वी इथला जमीनदार स्वित्झर्लंड बघून आला आणि मलाही तसाच हवा म्हणून हटून बसला. दोन्ही बाजूंना ओकच्या तुळयांच्या उंच कैच्या, म्हणजे पूल तोलून धरणारे तिरक्या तुळयांचे सांगाडे. सांध्यांत खिळे नाहीत, लाकडाच्या खुंट्या. छप्पर माणसांसाठी नाही बरं का – तुळया कोरड्या राहाव्यात म्हणून! आणि बाजूच्या फळ्यांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटी, ओल आलीच तर वाऱ्याने सुकावी म्हणून. काय डोकं होतं बांधणाऱ्याचं!

त्या फटी आता नाहीत. पाऊस आत येतो म्हणून गावच्या 'पुलाचे मित्र' मंडळाने दर वर्षी त्या सीलंटने बुजवल्या, वरून डांबरी रंग फासला. अगदी प्रेमाने. ओल आतच कोंडली. खालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तर मुठीपर्यंत आत गेला. तिथेच उभ्याने बंदीच्या कागदावर सही केली.

१० मे

मंडळाचे प्रमुख हॅरॉल्ड आजोबा. ऐंशी ओलांडलेली. पलीकडच्या काठावर नर्सिंग होम आहे, तिथे त्यांची बायको डोरीन. तिला विसरण्याचा आजार. रोज दुपारी हे पुलावरून चालत तिच्याकडे जातात. तिथली नर्स म्हणाली, "बाकी सगळं पुसलं गेलंय, पण ह्यांना ओळखतात. रोज दिसतात ना!" रस्त्याने जायचं तर बारा मैलांचा वळसा, आणि नजर अधू झाल्यापासून त्यांनी गाडी सोडलीय.

"किती दिवस, लव्ह?" आजोबांनी विचारलं. इथे कुणालाही लव्ह म्हणतात.

दोन-तीन आठवडे, म्हटलं. खालून लोखंडी टेकू दिले की चालणाऱ्यांपुरता उघडता येईल.

"आम्ही छान ठेवला होता ना पूल?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

२३ मे

वटवाघळं! टेकूसाठी ज्या फळ्या काढायच्या, नेमक्या त्यांच्याच मागे वटवाघळांच्या माद्या, पिल्लं घालायला आलेल्या. कायद्याने हात लावता येत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा – म्हणजे ऑगस्ट संपेपर्यंत. तपासणीला आलेली बाई हरखून गेली होती. "किती दुर्मिळ जात!" मला रडू येत होतं.

घरी आले तर तनू विचारते, "आई, तुझी ब्रिज पडली का?" नाही गं राणी. पडला असता तर निदान नवा तरी बांधला असता.

२६ मे

शेजारून तात्पुरता पूल टाकू, म्हणून ऑफिसात भांडले. नदीच्या खात्याची परवानगी वेगळी, तिला वटवाघळांपेक्षाही जास्त वेळ. नीना माझी बॉस, लीड्समध्येच जन्मलेली. म्हणाली, "अक्षया, यू डिड द राइट थिंग. तू तुझी काम केलीस. आता ते आपल्या हॅण्ड्समध्ये नाहीये."

तिचं बरोबर आहे. त्याचाच संताप येतो.

१७ जून

आज मीच हॅरॉल्ड आजोबांना गाडीने घेऊन गेले. माझा नवरा अपूर्व वैतागला – "तू सून आहेस का त्यांची?" तनूचं स्विमिंग बुडलं, त्याचा राग.

डोरीन आजी त्यांना बघून हसल्या. "किती उशीर केलास रे!" म्हणाल्या, आणि निघेपर्यंत हात सोडला नाही. एकदा नेलं मी. नेहमी कशी नेणार?

११ जुलै

मंगळवारी गावातून मिनीबस जाते, तिने ते जातात. पण ती सकाळची, तेव्हा डोरीन आजी गाढ झोपलेल्या. बस परत निघेपर्यंत हे शेजारी नुसते बसून राहतात. "झोपेत गोड दिसते," म्हणाले फोनवर. मग विचारलं, "आणि पुलातल्या आपल्या बाळंतिणी कशा आहेत?"

हसले मी. फोन ठेवला आणि हुंदकाच फुटला.

२ ऑगस्ट

वटवाघळं नसलेल्या टोकाला फटी मोकळ्या करायची परवानगी मिळाली. मी सीलंट खरवडत होते. आजोबा कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. विचारलं, का काढतेयस? आता खोटं कसं बोलू? सांगितलं.

बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे पूल मीच बंद केला."

नाही हो, असं नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. पण तसंच होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

२२ ऑगस्ट

आज मिनीबसला ते नव्हते. मागच्या आठवड्यातही नव्हते म्हणे. मी फोन केला. "तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?" खूप समजावलं. ऐकत नाहीत!

११ सप्टेंबर

टेकू बसले! वटवाघळं गेली, परवानगी आली, सगळं झालं. उद्या पूल उघडणार. मी आजोबांना दम भरलाय – यायचं म्हणजे यायचं! शर्टाला इस्त्री करतो म्हणाले.

१२ सप्टेंबर

पुलावरून दोघंच गेलो. डोरीन आजी जाग्या होत्या, खिडकीपाशी. आजोबा शेजारच्या खुर्चीत बसले. त्या अगदी अदबीने म्हणाल्या, "तुम्ही इथे नका बसू हं. माझे मिस्टर येतील एवढ्यात."