मोकळा पाय

नांदुरा, ४ फेब्रुवारी १९७७
दिवाळीपासून वहीला हात लावला नाही. चूक माझी. डोळ्यांचं निमित्त, दुसरं काय.
आज विसूचं पत्र. पोरगा दक्षिणेत उपग्रहाच्या कामावर. कॅमेरा बसवायचा सांगाडा त्याच्याकडे. वर एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला गारठा. खालचा पत्रा ताणला की सांगाडा वाकतो, कॅमेरा तिरपा पाहतो. साहेब म्हणतो, तिन्ही पाय बोल्टनं आवळा. विसू म्हणतो, एक पाय खाचेत सरकता ठेवा. 'बाबा, तुम्ही जन्मभर गाडीच्या चाकांवर लोखंडी धाव तापवून चढवली. तुम्ही घट्ट म्हणाल तर मी हट्ट सोडतो. वीस तारखेला तपासणी.'
भाता सोडून गेला तेव्हा नाही विचारलं. आता विचारतो.

६ फेब्रु.
अंगणात लोखंडी पट्टी, तिच्यावर तिवई, वर आरशाचा तुकडा. कवडसा भिंतीवर, कोळशानं खूण. पट्टीखाली निखारे. पाय घट्ट: कवडसा दोन बोटं सरकला. पाय मोकळा: मध्ये चहा झाला, येऊन पाहतो तर वीतभर.
लिहून टाकलं: साहेब बरोबर, घट्ट आवळ. पोरगा मोठा शहाणा झाला.

८ फेब्रु.
पत्र काल टपालात गेलं. आज पुन्हा मांडणी केली. निखारे नव्हतेच, तरी कवडसा चालला. आरशावर ओरडलो. ही बाजेवर पापड घालत होती.
"अवो, त्याच्यावर काऊन खेकसता? ऊन सरकून राह्यलं. मी सकाळपासून तीनदा बाज हलवली, तुमाले दिसलं नाही?"
दिसलं होतं. डोक्यात आलं नाही. साठ वर्षं उन्हात काम केलं...

दुपारी
खोलीचं दार लावून बॅटरी खुंटीला बांधली, पट्टीखाली पुन्हा निखारे. घट्ट: बोटभर सरकला. मोकळा: जागेवर.
धाव थंड होताना आवळते म्हणून चाकाच्या लाकडात फट सोडतो. बापानं कानफटात मारून शिकवलं होतं. तेच विसरलो.

९ फेब्रु.
पोस्टात भांडलो. थैली परवाच गाडीनं गेली. मग तार केली: 'एक पाय मोकळा ठेव.'
तारबाबू म्हणे, "काका, कोणाचा पाय मोडला?"
"तू मुकाट्यानं टिकटिक कर बे."
पत्र चुकलं, हे शब्द घातले नाहीत. त्याच्यापुढे कशाला.

१२ फेब्रु.
पहाटे लक्षात आलं. तार आधी पोचणार, पत्र मागाहून. पत्रावर तारीख घातलीच नव्हती. पोरगा समजेल, बापानं विचार बदलला, शेवटचा शब्द घट्टचा. हिला सांगितलं.
"चूक झाली म्हणायले जीभ झडते का तुमची?"
जेवलो नाही. कार्ड लिहिलं, सगळं कबूल केलं. उन्हाचंसुद्धा. टाकायला गेलो तर पेटीतलं टपाल नुकतंच नेलेलं. टाकलं, आता उद्या निघेल.

१७ फेब्रु.
उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरत नाही, मला टाळतो. हिच्यावर चिडलो. पापड चांगले झालेत, तेही सांगितलं नाही.

२० फेब्रु.
आज तपासणी. तिवई अजून खोलीतच आहे, पाय मोकळा. सकाळपासून चारदा जाऊन पाहिली.
विसू, मला शिव्या घाल, हसायचं तर हस. पण आवळला की मोकळा ठेवला, तेवढी एक ओळ आजच टाक.