मांडीच्या हाडातले ठिपके

जंजू,
१९ नोव्हेंबर

प्रिय ग्वी-रे,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या नवऱ्याचा दमा कसा आहे? इथे किमचीसाठी कोबी आणून ठेवलाय आणि सूनबाई यंदाही मीठ कमीच घालणार.

कामाचं लिहिते. कोबीची टोपली उचलताना मी अंगणात पडले. हाड मोडलं नाही, पण एक्स-रेत गुडघ्याच्या वर, हाडाच्या आत, लाह्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरने मला बाहेर बसवलं आणि सगळं ते-गुनला सांगितलं. आजारी मी आणि दवाखान्याच्या कागदावर माझा पालक कोण, तर माझाच मुलगा! आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला, स्वतःच्या हाडाचा नकाशा मला कळला नसता? घरी आल्यावर तो "काही नाही, आई" म्हणाला आणि सूनबाई मला नाशपाती सोलून द्यायला लागली. तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन डॉक्टरच्या दारात ठाण मांडलं. शेवटी बोलला. कूर्चेची साधी गाठ असेल तर ती लहानपणापासून तिथे निजलेली असते, तिला हात लावायचा नाही. रक्त न पोचून हाडाचा तुकडा मेला तरी ठिपके असेच दिसतात. पण हळू वाढणारा कर्करोगही सुरुवातीला तसाच दिसतो. मग पाहायचं ते हे, की गाठ वाढतेय का, हाड आतून पोखरलं जातंय का, आणि पाय स्वस्थ असतानाही दुखतो का.

मी शाळेत असताना सायकलवरून पडले, तेव्हाचा याच गुडघ्याचा एक्स-रे फोटो आईच्या पेटीत आहे. पेटी तू नेलीस, त्यावर आज भांडत नाही. ठिपके तेव्हाही एवढेच असतील तर बरीच काळजी मिटेल. फोटो पाठव. नको, घेऊनच ये.

दुखण्याचं डॉक्टरने पहिल्याच दिवशी, मला बाहेर बसवण्याआधी, विचारलं होतं. ते-गुनने परस्पर सांगून टाकलं, आईची कधी तक्रारच नसते. कॉन्व्हेंटात कण्हणाऱ्या मुलीला सिस्टर प्रार्थनाघरात गुडघ्यांवर बसवायच्या. त्याच सवयीने मी डॉक्टरसमोर ताठ बसून राहिले, दुसऱ्या दिवशी एकटी गेले तेव्हाही दुखण्याचं काढलं नाही.

मंगळवारी पुन्हा बोलावलंय. पालक म्हणून तू आत चल.

सहा वर्षांपूर्वी आईला शेवटचा निरोप देताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेव्हा तू सगळ्यांदेखत विचारलंस, "ताई, तुला दुखतं तरी का गं कधी?" मी उत्तर न देता निघून आले.

दुखतं, ग्वी-रे. उशीवर पाय ठेवून नुसती पडले तरी दुखतं.

तुझी ताई,
सन-दोक