फोनवरचा हो

आसेगाव,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनोददादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघी मजेत आहोत, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. म्हणून ते वाक्य राहू दे. हरभरा घाट्यावर आलाय, सकाळी अजून गार असतं, तुझा खोकला कसा आहे? शेजारचा राजपाल उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि आईनं बांधलेला हिरवा हरभरा पाठवतेय. मेसेज केला असता तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

आधी ऑफिसचं सांगते. तू वाशीम सोडताना माझ्या गळ्यात घातलेला, पाणी संपलं की विहिरीची मोटार बंद करणारा प्रोग्राम आठवतो ना? गेल्या आठवड्यात शिरपूरच्या एका बागेत विहीर कोरडी पडली तरी मोटार चालतच राहिली आणि जळाली. प्रोग्राम आपला म्हणतोय, पाणी आहे. मी तुझा कोड उघडून बसले. पायथन भाषेत कुठल्याही नावाखाली काहीही येऊन बसू शकतं, तूच शिकवलंस. मग आलेली वस्तू विहिरीची खरी नोंद आहे का, हे तू कुणाला विचारत होतास? त्या वस्तूलाच. आणि चाचणीसाठी केलेली एक नकली वस्तू आत तशीच राहून गेली होती. तिला केलंच होतं हो म्हणायला. तू नोंद आहेस का, हो. पाणी आहे का, हो. बिचारी खोटंही बोलत नव्हती, तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

मी ते बदललं. आता प्रोग्राम आधी समोर काही आहे की नुसतं रिकामं, ते बघतो. मग वस्तूला न विचारता, ती कुठल्या साच्यातून निघाली ते थेट भाषेकडून काढून घेतो. तिथे वस्तूची मर्जी चालत नाही. साहेब खूश झाले. मी मात्र तेव्हापासून एका जागी बसू शकत नाही, चहा ठेवते आणि विसरून अंगणात जाते.

कारण मोटारीचं निस्तरून घरी आले त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. स्पीकरवर होता. तू म्हणालास, घर जगदेवकाकांना विकून टाकू, तुम्ही दोघी इकडेच या, येशील ना आई? आई म्हणाली, "हो बापू, येतो ना. तू म्हनशीन तसं." मग मला विचारलंस, आमच्या कंपनीतली नोकरी घेशील ना? मीही हो म्हणाले. तू किती खूश झालास ते इथपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आईनं चुना भिजवून त्यात नीळ कालवलेली. आपल्या भिंतींना नीळ कधी लागते ते तुला सांगायला नको.

"आई, भीमजयंतीले अजून लय वेळ हाय. आत्ताच काहून?"

"येऊनच राह्यली ना."

"अन् रविवारी जगदेवकाका घर पाह्यले येऊन राह्यले, त्याचं काय?"

"पाहू दे." ब्रश काही थांबला नाही. दुपारी न्हाणीजवळ शेवग्याची फांदी रोवली. म्हणे पुढच्या साली शेंगा लागतील.

मग मी सरळच विचारलं, "तुले जायचं नाही तं दादाले हो कायले म्हनलं?"

"फोनवर नाही म्हनू काय त्याले? लांबचं लेकरू. जिवाले लावून घेईन, जेवनार नाही."

बाबांच्या वेळी आठवतं? तुला फोनवर "बरे आहेत, पण येऊन जा" एवढंच सांगितलं होतं. बसमधून उतरलास तेव्हा तुला कळलं. आपल्या घरातलं कुणी लांबच्या माणसाला फोनवर नाही म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी तू फोनवरच विचारलंस, याचा मला राग आलाय दादा.

त्याहून जास्त राग पुढच्याचा. आई म्हणाली, "तुले जायचं हाय ना पुन्याले? तुह्यासाठी हो म्हनलं म्या." आणि मी तिच्यासाठी हो म्हणाले होते. तिला लेकाजवळ राहावंसं वाटत असेल म्हणून. मला स्वतःला जायचंय की नाही, अजून कळत नाही. रोज वेगळं वाटतं.

शनिवारपर्यंत घरी ये. आल्यावर आईला काही विचारू नकोस, ती परत हो म्हणेल. ओट्यावर बस आणि ती दिवसभर काय करते ते बघ. भिंतीला टेकू नकोस, सदरा निळा होईल. मग घराचं तू ठरव, मी आडवी येणार नाही. पण तिच्या त्या ‘हो’वर घर देऊ नकोस.

हे वाचून तू लगेच फोन करशील आणि विचारशील, सगळं ठीक आहे ना. आम्ही दोघीही हो म्हणू. तू मात्र बस पकड.

तुझीच,
सपना