शिडी कुठं अडकली

आप्पा, शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला गणित शिकवलंत ते गोठ्यात, धार काढता काढता. उत्तर चुकलं तरी पाटी पुसू द्यायचा नाहीत. "कुठं घसरलीस ते आधी म्हशीला सांग. तिला पटलं तर मग मला." म्हशीला काही पटायचं नाही, मी रडायचे आणि तुम्ही धार न थांबवता हसायचा. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याच शिकवणीच्या जोरावर मी आता दौंडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते.

मुलांना सांगितलं, गणित सोडवलं की खाली चार ओळी लिहा: आधी काय वाटलं, कुठं अडकलात, कसे सुटलात. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, हा मेकॅनिक्सचा तास आहे की निबंधाचा? शुक्रवारी मी वर्गात बसतो. पटलं नाही तर हे बंद." मी घाईनं वह्या तपासायला घेतल्या. गणित भिंतीला टेकवलेल्या शिडीचं. सगळा वर्ग शेवटच्या समीकरणात अडकलेला आणि सगळ्यांना आईनं चहा दिल्यावर सुचलेलं. एकानं लिहिलेलं बाकीच्यांनी उतरवलेलं.

शुक्रवार. प्रमुख मागच्या बाकावर. मी एका मुलाला उभं करते. "तू हॉस्टेलला, आई मांडवगणला. चहा कुणी दिला?"

"मेसच्या मामांनी, मॅडम. पन आई लिहिल्यावर मार्क जास्त पडतील वाटलं."

वर्ग हसतो. प्रमुख हसत नाहीत.

"आणि अडकलास कुठं?"

"खरं सांगू? पहिल्याच आकृतीत. शिडीचा पाय भाईर सरकतो, मग घर्षण बी भाईरच ना? पन समदे शेवटाला अडकलेत, म्हनलं मी एकटाच मागं कशाला ऱ्हाऊ."

"माझं बी तसंच हाय," मागून कुणीतरी म्हणतं आणि भराभर हात वर होतात. मी ती दिशा सोपी समजून शिकवलीच नव्हती. मुलगा टेबलावर पट्टी भिंतीला टेकवतो, सरकणारा पाय बोटानं अडवतो. "आरं, बोट तर आत ढकलतंय. म्हंजे घर्षण बी आतच," स्वतःशीच म्हणतो.

प्रमुख उठतात. "चालू ठेवा. पण तुम्हीही लिहा, तुम्ही कुठं अडकलात. सोमवारी मुलांना वाचून दाखवा."

लिहिलंय, आप्पा. 'विद्यार्थ्यांचा गोंधळ हेरून मी शांतपणे प्रश्न विचारला.' चांगलं उतरलंय. खरं तर मी त्याला फक्त चहाची चोरी पकडायला उभं केलं होतं. गोंधळ मलाही तेव्हाच कळला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं लिहिता आलं. वहीतलं वाक्य अजून तसंच आहे.